मग हे केले कुणी?

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत मला दुसरे पारितोषिक मिळाले. विषय होता, 'दहशतवादाच्या बीमोडासाठी राज्यांनी स्वतंत्र कठोर कायदे केले पाहिजेत.' मी अनुकूल बाजूने बोलले होते. त्या भाषणातला निम्मा भाग आज मला परत घ्यायचा आहे. ज्यांच्यासमोर टाळ्या घेतल्या त्यांच्यासमोरच तो परत घ्यावा हे बरे, आणि त्यासाठी वार्षिकांकाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

अनुकूल बाजू मी चिठ्ठी काढून घेतली नव्हती, मागून घेतली होती. त्याला कारण आहे. आम्ही विरारला राहतो. माझे वडील गेली सत्तावीस वर्षे लोकलने नोकरीला जातात. ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांमध्ये अवघ्या अकरा मिनिटांत सात बाँबस्फोट झाले, तेव्हा बाबा मागच्या गाडीत होते. मी त्या वेळी एक वर्षाची होते. मला जे ठाऊक आहे ते सगळे आईने सांगितलेले. बाबा रुळांवरून चालत निघाले. वस्तीतली माणसे पाणी आणि बिस्किटे घेऊन रुळांच्या कडेला उभी होती. बाबा घरी पोचले तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, आणि आई मला कडेवर घेऊन जिन्यात बसली होती. त्यांच्या रोजच्या गाडीतल्या एका सोबत्याने त्याच महिन्यात पहिल्या वर्गाचा पास काढला होता आणि त्या आनंदात पेढे वाटले होते. सातही बाँब पहिल्या वर्गाच्या डब्यांत होते. तो गृहस्थ परत आला नाही. त्या संध्याकाळी १८९ माणसे गेली आणि आठशेहून अधिक जखमी झाली. आमच्या घरी मात्र त्या आकड्यापेक्षा पेढ्यांचीच आठवण अधिक निघते.

तेव्हा माझ्या भाषणात जोर होता यात नवल नाही. 'ज्याने बाँब ठेवला त्याला वकील कशाला हवा?' असे एक वाक्य मी टाकले होते. सर्वांत मोठी टाळी त्यालाच मिळाली. आज ते वाक्य आठवले की मान खाली जाते. ज्याने बाँब ठेवला तो हाच, हे अगोदर ठरायचे असते आणि वकील त्यासाठीच असतो, इतकी साधी गोष्ट मला त्या दिवशी सुचली नाही. सभागृहातल्या दोनशे जणांनाही सुचली नाही, हे मी थोडेसे स्वतःच्या बचावासाठी म्हणते.

स्पर्धा संपल्यावर आमचे राज्यशास्त्राचे सर जिन्यात भेटले. म्हणाले, "बोललीस छान. पण मोक्का मोक्का म्हणून इतकं नाचलीस, तो कायदा वाचलायस का गं?"

मी म्हटले, "नाही सर."

"मग वाच. तीसच कलमं आहेत. एका दुपारचं काम."

दुपारी ते काम झाले नाही, आठवडा लागला. कायद्याची भाषा म्हणजे एकेक वाक्य अर्ध्या पानाचे, आणि क्रियापद शोधता शोधता कर्ता हरवावा! पण वाचला. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९, म्हणजेच मोक्का. पहिले आश्चर्य असे की त्यात दहशतवाद नावाचा गुन्हाच नाही. हा कायदा झाला तो खंडणीखोर टोळ्यांसाठी. नव्वदीच्या दशकातली मुंबई आपल्यापैकी कुणी पाहिलेली नाही, पण बिल्डर, हॉटेलमालक, सिनेमावाले यांना परदेशांतून येणारे फोन आणि भर रस्त्यात पडणाऱ्या गोळ्या यांच्या कथा घरोघर ठाऊक आहेत. साक्ष द्यायला माणूस पुढे येत नसे. त्या रोगावर हे औषध होते, आणि त्या रोगावर ते लागू पडले असे सांगणारे जुने लोक मला भेटले. त्यांचे म्हणणे मी खोडून काढत नाही.

मग ते दहशतवादाच्या खटल्यात कसे शिरले? संघटित गुन्ह्याच्या व्याख्येत हेतूंची यादी आहे. आर्थिक लाभ, इतर कोणता गैर फायदा, आणि शेवटी दोनच शब्द: बंडखोरीस उत्तेजन. या दोन शब्दांच्या दारातून पुढे बाँबस्फोटांचे खटले आत आले. गंमत अशी की बंडखोरी म्हणजे काय याची व्याख्या त्या कायद्यात कुठेच नाही! दहशतवादासारख्या देशव्यापी विषयावर राज्याला असा कायदा करता येतो का, हा प्रश्न लोकलच्या खटल्यातूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सार्वजनिक सुव्यवस्था हा राज्याचा विषय आहे, सबब कायदा वैध आहे, असा निकाल २०१० मध्ये लागला. तो निकाल मला मान्य आहे. विधानसभेला अधिकार आहे की नाही हा माझा वाद नाही. त्या अधिकारातून तिने नक्की काय निर्माण केले, एवढेच मला विचारायचे आहे.

कारण दुसरे आश्चर्य असे. माणूस मारणे, कट करणे, देशाविरुद्ध युद्ध पुकारणे हे सारे १८६० च्या भारतीय दंड संहितेत आधीपासूनच गुन्हे होते, आणि त्यांना फाशीपर्यंत शिक्षाही होती. रेल्वेच्या डब्यात बाँब ठेवणाराला पुरेशी शिक्षा नव्हती म्हणून नवा गुन्हा लिहावा लागला, असे मुळीच नाही. तेव्हा नव्या कायद्यातले खरे नवे काय, ते गुन्ह्याच्या कलमात शोधू नये. ते पुढे, कुणी फारसे वाचत नाही अशा कलमांत आहे. पोलीस कोठडी पंधराऐवजी तीस दिवसांची. दोषारोपपत्र नव्वदऐवजी एकशे ऐंशी दिवसांत. आरोपी निर्दोष असावा असे मानायला वाजवी कारण आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. आणि कलम १८: पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालेल.

या अठराव्या कलमापाशी मी सर्वांत जास्त थांबले. १८७२ च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनी लिहून ठेवले होते की पोलिसासमोरची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. बघा, पोलीस त्यांचे, न्यायालय त्यांचे, राज्य त्यांचे, आणि तरीही आपल्याच ठाण्यात बंद दाराआड काय चालते याची त्यांना कल्पना होती. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही हा नियम राहिला आहे. म्हणजे साध्या चोराची पोलिसासमोरची कबुली चालत नाही. पण ज्या खटल्यात माणूस फासावर जाऊ शकतो, जिथे लोकांचा संताप अनावर असतो, वरून दडपण असते, वर्तमानपत्रे रोज विचारत असतात की पकडले का, नेमकी तिथे ती चालते. पोलिसाचा हात चुकण्याचा धोका जिथे सर्वांत अधिक, तिथेच आपण कुंपण काढून टाकले.

टाडामध्येही असेच कलम होते. १९९४ मध्ये करतारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण १९९५ मध्ये टाडाची मुदत संपली आणि तो गेला. २००२ चा पोटा २००४ मध्ये रद्द झाला. पोटा रद्द करताना दहशतवादाची कलमे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात घातली गेली. पण पोलिसासमोरच्या कबुलीचे कलम संसदेने त्यात घेतले नाही. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाल्यानंतर तो कायदा आणखी कडक केला, तेव्हाही घेतले नाही. म्हणजे दिल्लीने जे टाकून दिले ते महाराष्ट्रात मोक्काच्या रूपाने टिकून राहिले. टाडा-पोटाला निदान मुदत होती. मोक्काला मुदतही नाही.

याची फळे काय? मी महाराष्ट्रातलेच तीन खटले घेते, कारण ते तिन्ही आपल्या आसपासचे आहेत.

८ सप्टेंबर २००६, मालेगाव. शब-ए-बारातचा दिवस, कब्रस्तान आणि मशिदीजवळ स्फोट, तीसहून अधिक माणसे मेली. राज्याच्या पथकाने मालेगावातल्याच मुसलमान तरुणांसह नऊ जणांवर मोक्का लावला. कबुलीजबाब आले, आणि पुढे आरोपींनी ते नाकारले. काही वर्षांनी राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याच स्फोटांबद्दल अगदी वेगळी हकीकत मांडली आणि वेगळेच आरोपी उभे केले. २०१६ मध्ये आधीचे नऊ जण आरोपमुक्त झाले. बाँब तेच आणि हकीकती दोन!

२९ सप्टेंबर २००८, पुन्हा मालेगाव. सहा माणसे मेली. या वेळी आरोपी हिंदू. पुन्हा मोक्का, पुन्हा कबुलीजबाब. पुढे मोक्का लागू होत नाही असे ठरले, आणि त्याबरोबर त्या कलमाखालचे कबुलीजबाबही निकामी झाले. ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले.

आणि त्याच्या दहाच दिवस आधी, २१ जुलैला, आमच्या लोकलचा निकाल. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यांतला एक तर २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. न्यायालयाला कबुलीजबाब विश्वासार्ह वाटले नाहीत. वेगवेगळ्या माणसांच्या जबाबांतले मजकूर एकसारखे होते आणि छळाच्या तक्रारी दुर्लक्ष करण्याजोग्या नव्हत्या. ओळख पटवणारे साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आलेले. मोक्कात कबुलीसाठी काही बंधने आहेतच: सांगितले पाहिजे की बोलण्याची सक्ती नाही, नंतर दंडाधिकाऱ्यासमोर नेले पाहिजे. पण कागदावरचे बंधन ज्याने पाळायचे तोच कबुली घेणारा असला, की त्याचा उपयोग किती ते या निकालात दिसते. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल इतर मोक्का खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश २४ जुलैला झाला. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात पाठवले नाही.

त्या २१ तारखेच्या रात्री बाबा जेवायला बसले होते, दूरदर्शन संच चालू होता. माझी कल्पना होती की ते चिडतील. न्यायालयाला, वकिलांना, कुणाला तरी शिव्या देतील. ते चिडले नाहीत. घास तसाच हातात धरून त्यांनी मला विचारले, "मग हे केलं कुणी?"

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, दुसऱ्या पारितोषिकाची मानकरी! मला उत्तर देता आले नाही. एकोणीस वर्षांनंतर या राज्यात त्याचे सिद्ध झालेले उत्तर कुणापाशीच नाही.

माझ्या भाषणातली चूक मला त्या रात्री कळली. कठोर कायदा म्हणजे पीडितांची बाजू आणि सौम्य कायदा म्हणजे आरोपींची, असे मी धरून चालले होते. पण पोलिसाला खोलीत बसून कबुली मिळवता येत असेल, तर तो उन्हातान्हात पुरावा शोधत कशाला हिंडेल? सगळेच पोलीस असे असतात असे मी म्हणत नाही. माझा मामा पोलीस खात्यात आहे आणि त्याच्या ड्यूटीचे हाल मी पाहते. पण सोपी वाट मोकळी ठेवली की तपास त्या वाटेने जातो, मग तो कुणाचाही असो. उद्या वरच्या न्यायालयात ती वाट बंद निघाली की आरोपीची वर्षे गेलेली असतात आणि माझ्या वडिलांचा प्रश्नही तसाच राहतो.

याच्या उलट २६ नोव्हेंबर २००८ चा खटला घ्या. कसाबवर मोक्का लावला नव्हता. त्याला शिक्षा झाली ती मुख्यतः १८६० च्याच दंड संहितेखाली, खून आणि देशाविरुद्ध युद्ध या गुन्ह्यांसाठी, आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली. त्याची कबुली दंडाधिकाऱ्यासमोर घेतली गेली. साक्षीदार होते, छायाचित्रे होती. त्याला वकील दिला गेला. (माझ्या त्या वाक्याला याहून सणसणीत उत्तर कोणते?) मे २०१० मध्ये खालच्या न्यायालयाचा निकाल, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. चार वर्षांत सारे आटोपले. माणूस जिवंत हाती लागला होता, कॅमेऱ्यात दिसला होता, त्यामुळे ही तुलना पूर्ण न्याय्य नाही हे मी कबूल करते. तरी इतके तर दिसतेच की जुना कायदा दुबळा नव्हता.

माझ्याविरुद्ध बोलणारी मैत्रीण म्हणते, "अगं, १९९३ च्या स्फोटांत टाडाखालचे कबुलीजबाब होतेच की! शंभर जण दोषी ठरले." खरे आहे. २५७ माणसे ज्यात मेली त्या खटल्यात ते जबाब सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकले. पण त्या तपासाची सुरुवात कबुलीने झाली नव्हती. ती झाली वरळीला बेवारस सापडलेल्या एका मोटारीने, तिच्या नोंदणीने, तिच्यातल्या हत्यारांनी. कबुली मागून आली. मैत्रिणीचे याने समाधान झाले नाही, आणि मलाही वाटते की तिचा मुद्दा संपूर्ण मोडता येत नाही. वाद अजून कँटीनमध्ये चालू आहे.

दरम्यान कायदे थांबलेले नाहीत. मोक्काची नक्कल कर्नाटकाने २००० मध्ये केली, दिल्लीला तो २००२ मध्ये लावला गेला. गुजरातचे विधेयक २००३ मध्ये प्रथम मंजूर झाले, राष्ट्रपतींकडून एकाहून अधिक वेळा परत आले, २०१५ मध्ये दहशतवाद हा शब्द नावातच घेऊन पुन्हा मंजूर झाले आणि डिसेंबर २०१९ पासून अमलात आले. पोलिसासमोरच्या कबुलीचे कलम त्यात आहेच. शिवाय दहशतवादी कृत्याच्या व्याख्येत कायदा व सुव्यवस्था बिघडवण्याचा हेतूही घातला आहे. पुढे बाँब, स्फोटके, हत्यारे अशी साधने येतात हे खरे. पण कायदा व सुव्यवस्था बिघडली असे पोलीस कधी म्हणतात ते आपल्याला गणेशोत्सवातल्या भांडणांवरून ठाऊक आहे. तो हेतू आणि लोकलमध्ये बाँब ठेवण्याचा हेतू एकाच ओळीत कसे बसतात?

आपल्याकडे महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ ला विधानसभेने आणि ११ जुलैला विधान परिषदेने मंजूर केले. कडव्या डाव्या संघटनांसाठी ते आहे असे सांगितले जाते. गडचिरोलीत माणसे मरत आली आहेत, आदिवासी आणि पोलीस दोघेही, याची मला जाणीव आहे. पण त्यातली बेकायदेशीर कृत्याची व्याख्या वाचताना मी अडखळले. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे हेही तिच्यात येते. १९३० मध्ये शिरोड्याला मीठ उचलायला गेलेल्यांनी आणि बिळाशीला जंगल तोडायला गेलेल्यांनी दुसरे काय केले होते? आपल्याच इतिहासाच्या पेपरात त्यावर दहा गुणांचा प्रश्न असतो. आणि तारीख पाहा: ११ जुलै. लोकलच्या स्फोटांना त्याच दिवशी एकोणीस वर्षे झाली होती, आणि आधीच्या कायद्याचे काय झाले ते कळायला अवघे दहा दिवस उरले होते.

माझी मागणी फार मोठी नाही. नवा गुन्हा लिहिण्याआधी जुन्या कायद्याने खटला का पडला ते विधानसभेत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे. मोक्कातले अठरावे कलम काढावे. कबुली द्यायचीच असेल तर दंडाधिकारी कुठे पळून जात नाहीत. न्यायवैद्यक प्रयोगशाळांना माणसे द्यावीत. साक्षीदाराला घर बदलायची वेळ आली तर त्याचे भाडे सरकारने भरावे. यांतल्या कशालाही टाळी मिळणार नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे.

उच्च न्यायालयाचा निकाल सहाशेहून अधिक पानांचा आहे आणि इंग्रजीत आहे. बाबांचे इंग्रजी कचेरीपुरते. म्हणून सध्या दर रविवारी दुपारी मी त्यांना थोडी थोडी पाने मराठीत सांगते. गेल्या रविवारी आम्ही बाँबच्या भागाशी आलो. स्फोटात वापरलेले बाँब कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा फिर्यादी पक्षाला सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने म्हटले आहे. मी ते दोनदा सांगितले, कारण बाबांना वाटले माझे भाषांतर चुकले.

"इतकंसुद्धा नाही?" ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, "पुढचं पुढच्या रविवारी वाचू." पुढच्या रविवारी साक्षीदारांचा भाग आहे.